पन्नास नद्यांचं एकमत

बैठकीत सगळ्यांच्या माना डोलू लागल्या की आमच्या ऑफिसातले काका चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवत आणि म्हणत, "मले काही पटून नाही राह्यलं."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याच्यापायी सगळ्यांचा चहा थंड होतो.

शिवनाथ नदीला उद्या किती पाणी येईल हे सांगणं आमचं काम. संगणकात आम्ही एका नदीच्या पन्नास नद्या केल्या होत्या, प्रत्येकीचा अंदाज जरासा वेगळा. रोज सकाळी पुलावरच्या मोजपट्टीचा खरा आकडा यायचा. संगणकावर किती विश्वास ठेवायचा आणि पट्टीवर किती, हे ठरवण्याच्या दोन पद्धतींची तुलना चालू होती. एक साहेबांची, एक काकांची. यांची निवडली तरच यांचं कंत्राट पुढे चालणार होतं.

साहेबांच्या पद्धतीत पन्नासही नद्या लवकरच एकमेकींना चिकटत. पडद्यावर एकच बारीक, देखणी रेघ. हे मात्र आपल्या नद्यांना रोज मुद्दाम थोडं हलवत, त्यांच्यातलं भांडण मिटू देत नसत. त्यांचा आलेख गोणपाटासारखा पसरलेला.

"कावून बिघडवता, काका?" मी विचारलं.

"भाऊ, पन्नास जणी एकच बोलून राहिल्या, तर पट्टीचं ऐकतीन कायले?"

घरीही तेच. कॅम्प-१ या कामगार वस्तीत त्यांच्या भाचीचं लग्न ठरत होतं. मुलगा पोलादाच्या प्लांटमध्ये, क्वार्टर मिळालेलं, मंडळी खूश. मी दुसरा पेढा तोंडात टाकला आणि चष्मा उलटा झाला. "पोरीले विचारलं का कोनी?" विचारलं नव्हतं. विचारल्यावर ती नाही म्हणाली. बहिणीनं पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या पेढ्यांचं मला अजून वाईट वाटतं.

निवडीच्या दिवशी दोन्ही आलेख शेजारी लावले होते. मागच्या पुरात देखण्या रेघेनं पट्टीच्या चढत्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण रेघ इतकी सुबक होती, की माझीही मान डोलली.

काकांचं कंत्राट संपलं. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि भाषणं झाली. त्यांच्यावाचून ऑफिसचं कसं होणार, ही काळजी प्रत्येकानं वाहिली. त्यांनी चष्मा काढला. "सगळेच चांगलं बोलून राहिले. मले काही पटून नाही राह्यलं."

आम्ही एकमतानं हसलो.

आता चहा गरम मिळतो. आज सकाळपासून पट्टीचा आकडा चढतो आहे, पडद्यावरची रेघ जागची हललेली नाही. बैठकीत सगळ्यांनी ती पसंत केली. मी चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवला.

"काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

मी काचा पुसल्या आणि चष्मा परत घातला.