आपल्याशिवाय चालायला हवं

पिंपरीतल्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून माझ्या नवऱ्याने संत तुकाराम नगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत सल्लागार संस्था काढली. संस्था म्हणजे आम्ही दोघं. कारखान्यांच्या स्टोअरचा, पगाराचा हिशेब कॉम्प्युटरवर बसवून द्यायचा, हा आमचा धंदा. घरात कॉम्प्युटर कुठला असायला! कागदावर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचे आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालवून बघायचे. निम्मे तो लिहायचा, निम्मे मी. माझी गणिताची पदवी लग्नापासून ट्रंकेत पडून होती, ती पहिल्यांदाच कामाला आली. मी एवढी खूश पुन्हा कधी झाले नाही.

नवऱ्याचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते ऐकवल्याशिवाय तो कोणाकडे चहालाही हात लावत नसे. "काम झाल्यावर तुम्हाला आमची गरज पडता कामा नये." मालक लोकांना हे फार आवडायचं, न आवडायला काय झालं? आधी तो स्टोअरमध्ये जाऊन नुसता बसून राहायचा, माल कसा येतो, कसा जातो ते बघत. मग प्रोग्रॅम, आणि शेवटी तिथल्याच एका माणसाला सगळं शिकवून आम्ही बाहेर. चिंचवडच्या एका कारखानदाराला तर त्याने तोंडावर सांगितलं, "तुम्हाला कॉम्प्युटर नको, चार रॅक नीट लावून घ्या." त्या गृहस्थाने आभार मानत आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं. परतीच्या बसमध्ये मी बुडालेल्या कामाचे पैसे बोटांवर मोजत बसले.

व्हायचं तेच झालं. जुनी गिऱ्हाइकं सुखात होती, त्यामुळे बोलवीनात. नवीन मिळेनात. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मी मेथी निवडायला लागले. अशात त्याच्या जुन्या साहेबांचा निरोप आला, जागा रिकामी आहे, या महिन्यात ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो. त्याला खुर्ची होती. पण माझ्यासारख्या बाईला, कुठल्या कंपनीचा शिक्का नसलेल्या, कोण प्रोग्रॅम लिहायला बसवणार होतं? संस्था बंद म्हणजे माझं कामही बंद, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि एका सकाळी खालच्या औषधवाल्याने हाक मारली. भोसरीच्या कारखान्यातून फोन होता. महिनाअखेरचा हिशेब मध्येच अडला होता, लगेच या. तो प्रोग्रॅम बराचसा माझा होता. नवऱ्याचा चेहरा पडला आणि मी मात्र ठेवणीतली साडी काढली. बसमध्ये तो डोळे मिटून चूक कुठे असेल ते शोधत होता. मी देवाला विनवत होते, चूक निघू दे, चांगली मोठी निघू दे, दोघांना महिनोन् महिने पुरेल एवढी.

स्टोअरमध्ये पोचलो तर मशीनचा प्रिंटर खडखडत होता. आम्ही शिकवून ठेवलेला चिखलीचा कारकून कागद फाडून घेत होता. आम्हाला बघून तो ओशाळला.

"साहेब, मालकांनी उगंच फोन केला. फ्लॉपी भरली व्हती, दुसरं काय न्हाई. जुने महिने दुसऱ्या फ्लॉपीवर काढून ठिवले, तुमी शिकिवलं व्हतं तसं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुमाला कशापायी तरास दिला?"

"प्रोग्रॅममध्ये काही चूक?" मी विचारलं.

"न्हाई वो. येक बी न्हाई."

त्याने आमच्यासाठी चहा मागवला. नवऱ्याने तो निघालेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आपल्याशिवाय चाललं. आता मला कंपनीत जायला काही वाटणार नाही."

"आणि मी?"

तो जरा गोंधळला. मग कारकुनासमोरच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अगं, तुझीही आता दगदग संपली."

इतक्या मायेने म्हणाला, की मला धड भांडताही आलं नाही.