बुक्कीची जागा

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या काकांना मुलं ‘बुक्कीकाका’ म्हणत. उजवीकडे वळायचं झालं की ते आधी डॅशबोर्डवर एक बुक्की मारत आणि मग दिव्याची दांडी दाबत. त्याशिवाय उजवा दिवा लागत नसे. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. मुलांना सांभाळायला मागच्या सीटवर त्यांची बायको असे. तिला सगळे मावशी म्हणत.

आरटीओत व्हॅनच्या पासिंगची तारीख आली. शाळेने निरोप धाडला होता: उद्या सकाळी पास झालेली गाडी दारात नसेल, तर मुलं दुसऱ्या व्हॅनने जातील. आणि एकदा गेली की गेलीच. काकांचं घर याच व्हॅनवर चालायचं.

गॅरेजच्या मिस्त्रीने ब्रेक बघितले, हॉर्न बदलला. दिव्याची सैल वायर घट्ट केली.

“आता नुसती दांडी दाबायची. मारझोड बंद,” तो म्हणाला.

“मी काय लहान आहे?” काका म्हणाले.

“लहान असता तर ऐकलं असतंत,” मावशी म्हणाली.

तपासणीच्या मैदानात गाड्यांची रांग होती. मावशी कुंपणापाशी उभी राहिली. ब्रेक झाले, हॉर्न झाला. वायपरही शहाण्यासारखे हलले. साहेब समोर येऊन म्हणाले, “उजवा दिवा.”

काकांनी बुक्की मारली. मग दांडी दाबली. दिवा लागला नाही.

“मारलंत कशाला?”

“सवय आहे, साहेब.” त्यांनी पुन्हा मारली. दिवा लागला.

“असं चालत नाही. दुरुस्त करून दुपारी आणा. दुपारनंतर मी नाही.”

बाहेर आल्यावर मावशीने कपाळावर हात मारून घेतला. सोबत आलेला मिस्त्री धावत आला. बुक्कीने सैल झालेली वायर या खेपेला त्याने सोल्डर करून पक्की केली.

“हात मांडीखाली घेऊन बसतो,” काका म्हणाले.

“मग स्टिअरिंग काय पायाने धरणार?” मावशी म्हणाली. “अहो, चावी द्या मिस्त्रींकडे.”

काकांनी चावी मुठीत आवळली. ती गाडी त्यांनी कधी कुणाला चालवू दिली नव्हती. सख्ख्या भावालासुद्धा नाही. साहेबांनाच विचारून बघू, म्हणून ते गेले.

“मिस्त्रीने आणली तर चालेल?”

“मला गाडी तपासायचीय. तुम्हाला नाही,” साहेब म्हणाले.

काकांनी चावी दिली आणि कुंपणापाशी मावशीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आत साहेबांनी उजवा दिवा मागितला. इकडे काकांची मूठ कुंपणाच्या पत्र्यावर आपटली. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. दिवा लागला होता.

गाडी पास झाली. परतताना मिस्त्रीच चालवत होता. काका बाजूला मूठ चोळत बसले होते.

“गाडीत तसं काही फार नव्हतं,” मिस्त्री एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं चढली. मावशीने एक फुगलेलं दप्तर पुढे घेतलं आणि डॅशबोर्डवर नेमकं बुक्कीच्या जागी ठेवलं. पहिलं उजवं वळण आलं. काकांची मूठ दप्तरात रुतली. दिवा आपला लागला.

“काका,” मागून कुणीतरी म्हणालं, “त्यात माझा डबा आहे.”