ह्यांची मेक्सिकोवारी

ह्यांना जाऊन वर्ष व्हायच्या आत आमच्या चर्चचा मृतांच्या स्मरणाचा दिवस आला, आणि लेकीने मेक्सिकोहून फोन करून सांगितलं की सुट्टी मिळत नाही. मी नुसतं "बरं" म्हटलं. आईच्या नुसत्या "बरं"चा अर्थ तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

बापाच्या मातीलाही ती पोचली नव्हती. विमानं बदलत येईपर्यंत दफन उरकलं होतं. आता पहिल्याच वर्षी कबरीवर मेणबत्ती लावायला एकुलती एक लेक नसणार, याचा मला राग आला होता. राग कसला, वाईट वाटलं होतं. पण मी पडले मास्तरीण. वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

"आई, मी इकडे पप्पांसाठी टेबल मांडणारे," ती म्हणाली.

"टेबल? बाप काय पाहुणा आहे तुझा?"

मग तिने न चिडता समजावलं. तिकडेही हेच दिवस पाळतात, पण आपल्यासारखं तोंड पाडून नाही. घरात टेबल सजवतात, त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या आणि त्याच्या आवडीचं खाणंपिणं ठेवतात. दारापासून टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, म्हणजे वासाच्या मागाने माणूस बरोबर घरी येतो. पाद्री तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून लोक आपल्या मेलेल्यांना असं जेवू घालत. पुढे ते ख्रिस्ती झाले, चर्चच्या तारखा आल्या, पण जेवण घालायचं काही त्यांनी सोडलं नाही.

फोन स्पीकरवर होता आणि शेजारची काकी माझ्या ओटीवर वाल सोलत बसली होती. "म्हणजे बाई, आमचा पितृपक्षच की हा!" ती म्हणाली. ती दरवर्षी कावळ्यासाठी पान ठेवते, आणि कावळा शिवला नाही की सासऱ्यांच्या आवडीची भजी तळून पुन्हा हाका मारते.

मला हसू आलं ते झेंडूचं. ह्यांनी जन्मभर भुईगावात झेंडू लावला. दसरा आला की पाट्या भरभरून दादरला धाडायचे, पण घरात एक फूल आणतील तर शपथ. "तो माल आहे," म्हणायचे. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, असं लेकीने सांगितलं. ज्या माणसाने कधी पासपोर्ट काढला नाही, त्याचा माल तिकडचा निघाला!

स्मरणाच्या दिवशी मी कबर घासूनपुसून घेतली, शेवंतीची फुलं वाहिली. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं. लेकीच्या नावाची मेणबत्तीही मीच लावली. वाऱ्याने ती दोनदा विझली, तेव्हा माझा राग पुन्हा वर आला.

संध्याकाळी घरी आले तर तिचा व्हिडिओ कॉल. तिकडे नुकतं उजाडलं होतं. तिने फोन फिरवून दाखवला. दारापासून पिवळीधमक वाट आत गेली होती. टेबलावर ह्यांचा गंजीफ्रॉकमधला, शेतातला फोटो. पुढ्यात माझ्याकडून नेलेली सुक्या बोंबलाची चटणी, तिथला एक गोल पाव आणि वाफाळता चहा.

"चहात साखर घातलीस?" मी सहज विचारलं.

"छे! पप्पांना डॉक्टरांनी..." ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

दर रविवारी इतक्या लांबून ती बापाला दम द्यायची, चहा बिनसाखरेचाच ना म्हणून. हेही "हो, हो" म्हणत कडू तोंडाने तो प्यायचे. आता ते गेल्यावरही पोरीने सवयीने त्यांचं पथ्य सांभाळलं होतं. तिने तोंडावर हात धरला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. दफनानंतर घरी आली होती तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मला माझा राग आठवेना. जवळ असती तर पोटाशी धरली असती.

"घाल गो बाय साखर," मी म्हटलं. "आता काही होत नाही त्यांना."

ती डोळे पुसत डबा घेऊन आली. दोन चमचे घातले, ढवळले, आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून एक घालू?"

"घाल," मी म्हटलं. "एवढ्या लांब आलेत तुझ्याकडे."