बिननावाची किल्ली

कुलूपकाकांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही आणि काकांनाही त्याचं सोयरसुतक नाही. बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान कसलं, कपाटच म्हणा! तिथे किल्ल्या घासण्यात उभा जन्म गेला. वडिलांनी धंदा हाती देताना एकच बजावलं होतं: किल्ली आणि पत्ता एका जागी ठेवायचा नाही. काकांनी ते जिवापाड पाळलं.

पुढे डोळे अधू झाले. मग कुणाच्या घरी कामाला गेले की काका किल्लीचा फोटो काढायचे, मोठा करून दाते बघायचे आणि विसरून जायचे. फोटो फोनमध्येच, जाणार कुठे?

जाणार कुठे, म्हणे! मुलीने नवा टीव्ही आणून फोनशी जोडला. मेहुणे जेवायला आलेले, आणि पडद्यावर आपोआप फोटो फिरायला लागले. किल्ली, खाली पत्ता. दुसरी किल्ली, दुसरा पत्ता.

"अरेच्चा, ही तर मास्तरीणबाईंची इमारत!" मेहुणे खुशीत ओरडले.

काकांचा घास हातातच राहिला. मास्तरीणबाई एकट्या राहतात.

"बाबा, फोन फोटोबरोबर जागाही टिपतो आणि सगळं कंपनीकडे पाठवतो," मुलगी म्हणाली.

"मला न विचारता?"

"विचारलं असणार. तुम्ही 'हो' दाबलं असेल."

"मेल्याने इतक्या बारीक अक्षरात विचारलं तर दिसणार कसं!"

मुलीने तिथेच बसून फोनची ती खोड मोडली, फोटो इथून-तिथून पुसले. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरची यंत्रणा बदलून लिनक्स टाकलं. ते कुणाच्या चहाड्या करत नाही म्हणे. काकांचं समाधान होईना. गेलेलं कुठवर गेलं, कोण सांगणार?

सकाळीच नवं कुलूप घेऊन ते सगळ्यांत आधी मास्तरीणबाईंच्या दारात उभे राहिले आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. लाजेने कान तापले होते.

"अहो, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं," बाई म्हणाल्या.

"मला कळलं होतं ना!"

बाईंनी बाजूला होत त्यांना आत घेतलं. कुलूप बसलं, चहा झाला. काका निघाले तेव्हा बाईंनी नव्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"ही तुमच्याकडे असू द्या. एकटीच असते मी. कधी आत पडले-बिडले तर दार उघडायला माणूस हवं."

दुकानातल्या खिळ्यावर ती किल्ली आता लटकते. तिला चिठ्ठी नाही, खूण नाही. कोणत्या दाराची, ते काकांना ठाऊक आहे.