एकशे सोळा क्रेडिटांचं थान

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका ठोक दुकानात धम्मानंद गोंडाणेला सव्वीस वर्षं झाली. कापडाची कड चिमटीत धरली की त्यात सूत किती आणि पॉलिस्टर किती हे तो सांगतो. दोन्ही हात पसरून तो जे माप घेतो ते लोखंडी मीटरपट्टीपेक्षा खरं असतं, असं शेठ सोडून सगळे म्हणतात. एवढा मापाचा माणूस, पण जूनमधल्या एका बुधवारी त्याला चार कमी पडले, आणि चार म्हणजे नेमकं काय कमी पडलं हेच त्याला कळेना.

झालं असं की धम्मानंदनं बी.ए. केलं होतं, तेही प्रायव्हेट. प्रायव्हेट म्हणजे कॉलेज नाही, वर्ग नाही, मास्तर नाही. फॉर्म भरायचा, जमेल तिथे वाचायचं आणि परीक्षेला जाऊन बसायचं. दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. तेवढ्या वेळात धम्मानंद थानांच्या, म्हणजे कापडाच्या ताग्यांच्या, थप्पीवर चढून गाइड वाचायचा. समाजशास्त्र शर्टिंगवर बसून, इतिहास अस्तरावर बसून. अस्तर मऊ असल्यामुळे इतिहासात त्याला झोप लागायची आणि गुणही तसेच पडायचे. असं अकरा वर्षं चाललं. मध्ये एकदा टायफॉइड आला, एकदा पोरीची बारावी आली, आणि दोनदा विद्यापीठाची पद्धत बदलली. आधी वर्षातून एक परीक्षा होती, मग सेमिस्टर आलं, आणि मग गुणांच्या शेजारी, जुन्या गुणपत्रिकांवर शिक्का मारून का होईना, क्रेडिट नावाचा एक बारीक आकडा येऊन बसला. त्या आकड्याला धम्मानंदनं कधी विचारलं नाही की बाबा तू कोण.

परीक्षेच्या हॉलमध्ये तो शिरला की पोरं उभी राहायची. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, पिकलेल्या मिश्या; त्यांना वाटायचं पर्यवेक्षक आले. पहिल्या वर्षी धम्मानंदनं सवयीनं "बसा, बसा" म्हटलं, आणि मग त्यांच्याच रांगेत वाकून आपला नंबर शोधू लागला. शेजारच्या पोराला त्या पेपरात पहिली वीस मिनिटं काही सुचलं नाही म्हणतात.

आता त्याला एम.ए. करायचं होतं, आणि तेही रेग्युलर. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे वर्ग सकाळी साडेसातला भरतात आणि दुकान उघडतं अकराला. जागा साठ, आणि फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. त्याची बायको मेघा घरी ब्लाऊज शिवते. तिला हा सकाळचा उपद्व्याप पसंत नव्हता. बी.ए. जसं केलं तसंच एम.ए. पण करा आणि मोकळे व्हा, असं तिचं म्हणणं.

धम्मानंदनं चहाची बशी खाली ठेवली. "अकरा वर्सं पेपर देल्ले मी, मेघा. एकाही मास्तरनं माझं नाव घेऊन हजेरी नाही घेतली. मले एकडाव वर्गात बसाचं आहे."

मेघाच्या मशीनचं पायडल जरा हळू फिरू लागलं.

फॉर्म मोबाइलवर भरायचा, म्हणून ते काम लेकीकडे, दीक्षाकडे आलं. तिनं गुणपत्रिका मागितल्या तेव्हा धम्मानंदनं कपाटातून एक गुंडाळी काढली. गांधीबागेत एकाच मालाचे सुटे तुकडे कधी मोकळे ठेवत नाहीत. कच्च्या टाक्यानं एकाला एक जोडून त्यांचं थान करतात, म्हणजे एकही तुकडा हरवत नाही. धम्मानंदनं गुणपत्रिकांचं तेच केलं होतं. दरवर्षी नवी आली की जुनीच्या खाली पांढऱ्या दोऱ्यानं शिवायची आणि गुंडाळून कापडी पिशवीत घालायची. शिवता शिवता एक कागद मात्र त्यानं बाजूला काढला होता. तो पर्यावरणाच्या परीक्षेचा होता, आकारानं अर्धा, आणि त्यावर गुण नव्हते, नुसतं 'बी' असं एक अक्षर. ज्याला गुण नाहीत त्याला पेपर कसं म्हणायचं? पण शिक्का विद्यापीठाचाच होता. ठोक बाजारात गठ्ठा बांधला की आत कुठला माल आहे हे कळावं म्हणून त्याचा बोटभर तुकडा बाहेरून टाचतात. त्याला नमुना म्हणतात आणि तो मापात धरत नाहीत. धम्मानंदनं तो अर्धा कागद पिशवीला बाहेरून टाचून टाकला. किती वर्षं झाली, तो तिथेच होता, आणि घरात सगळ्यांना तो पिशवीचाच भाग वाटायचा.

दीक्षानं थान दिवाणभर पसरलं आणि वरून खाली क्रेडिट मोजले. पहिल्यांदा एकशे सोळा आले, दुसऱ्यांदा एकशे बारा, कारण पंख्यानं एक टोक दुमडलं होतं, आणि तिसऱ्यांदा पुन्हा एकशे सोळा. फॉर्मला एकशे वीस हवे होते. तिनं आकडा भरला तसा तो रकाना लाल झाला आणि खाली शब्द आला, 'अपात्र'.

"बेटा, पण हे क्रेडिट म्हंजे काय?" धम्मानंदनं शेवटी विचारलं.

दीक्षा फार्मसी शिकते. तिनं सरळ सांगितलं की वर्गात पंधरा तास बसलं की एक क्रेडिट होतं.

धम्मानंदनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. एकशे सोळा गुणिले पंधरा म्हणजे सतराशे चाळीस तास. यातला एकही तास तो बसला नव्हता. मग बसलं कोण? आतापर्यंत त्याला वाटत होतं की आपले चार कमी आहेत. आता वाटू लागलं की आपल्याकडे एकशे सोळा जास्त आहेत, आणि ते कुणा दुसऱ्याचे आहेत.

गुरुवारी तो दिवसभर चुकीचं माप घेत होता. शेठनं कारण काढून घेतलं आणि चार कम हैं तो चार और दे आओ, असा सल्ला दिला. कोणाला द्यायचे आणि कुठून आणायचे हे सांगितलं नाही. शेजारचे चंपतराव निवृत्त लाइनमन. ते म्हणाले की उद्या विद्यापीठाच्या खिडकीवर गेलास तर तासांची गोष्ट काढूच नको, नाहीतर बी.ए. सुद्धा परत घेतील. मेघा म्हणाली की विचारल्याशिवाय कळणार नाही. धम्मानंदला तिघांचंही पटलं, त्यामुळे गोंधळ तिप्पट झाला.

शुक्रवारी दुपारी तीनला तो रांगेत लागला आणि चार वाजता खिडकीशी पोचला. आत श्रीधर बाबू बसले होते. या विभागात त्यांनी इतके फॉर्म पाहिले होते की ते माणसाकडे बघतच नसत, हातातल्या कागदाकडे बघत. धम्मानंदनं पिशवी काउंटरवर ठेवली, गुंडाळी काढली आणि दुकानात गिऱ्हाइकापुढे फेकतात तशी एका झटक्यात उलगडली. थान काउंटरवरून घरंगळत खिडकीबाहेर आलं आणि रांगेतल्या चौथ्या मुलीच्या चपलेशी थांबलं.

श्रीधर बाबूंनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"बी.ए. आहे, साहेब. पूर्ण."

श्रीधर बाबू पुढे वाकले, पिशवीवर कोपर टेकलं आणि पेन्सिलीनं एकेक ओळ खाली उतरू लागले. त्या चौथ्या मुलीनं दुसरं टोक धरलं. सगळी वर्षं ओळीनं, एकही पान मागेपुढे नाही. असं काम त्यांच्याकडे येत नसे, म्हणून ते नकळत जरा खुश झाले. शेवटाला पोचून त्यांनी मान हलवली. "पर्यावरण दिसत नाही. सक्तीचा विषय आहे. परीक्षा दिली नाही का?"

"देल्ली ना जी. पास आहो."

"मग त्याचा कागद?"

"त्याले गुणच नाही, साहेब. मापात कसा धरावा म्हणून जोडला नाही."

"पण आहे कुठे तो?"

धम्मानंदनं अदबीनं बोट दाखवलं. "तुमच्या कोपराखाली."

श्रीधर बाबूंनी कोपर उचललं. पिशवीला टाचलेला, अकरा वर्षांत पिवळा पडलेला अर्धा कागद त्यांनी वाचला, मग ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढून तेही वाचलं. जुन्या पद्धतीत अक्षर मिळालं असेल तर त्याचे चार क्रेडिट धरावेत, असं त्यात होतं. त्यांनी पेन्सिलीनं एकशे वीस लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

आता गपचूप कागद गोळा करायचे, एवढंच धम्मानंदला करायचं होतं. चंपतराव त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहून हातानं खुणा करत होते. पण हात पुढे होईना.

"साहेब, एक विचारू का? पंधरा तासाचं एक क्रेडिट म्हणून राहिली पोरगी. मी तर एकबी तास बसलो नाही. मंग हे चालते का?"

रांगेतून कोणीतरी कण्हलं. घड्याळात चार वीस झाले होते.

श्रीधर बाबूंनी पहिल्यांदा कागद सोडून माणसाकडे बघितलं. "गोंडाणे, पेपर तुम्हीच लिहिले ना?"

"मंग? दुसरं कोण लिहीन?"

"मग झालं. बसणाऱ्याला जे यायला पाहिजे ते तुम्हाला येते, हे परीक्षेत दिसलं. कुठं बसून शिकले ते विद्यापीठ विचारत नाही."

"थप्पीवर बसून शिकलो, साहेब."

"ते फॉर्ममध्ये लिहू नका."

अडचण अजून एक होती. गुणपत्रिका स्कॅन करून फॉर्मला जोडायच्या होत्या, आणि खिडकीतल्या स्कॅनरमध्ये एका वेळी एकच पान जातं. अकरा वर्षांचे टाके पाच वाजायच्या आत उसवायला हवे होते. धम्मानंदनं शर्टाच्या खिशातून दुकानातली छोटी कात्री काढली. रांगेतल्या पोरींनी एकेक जोड धरला. दोरे ओढले गेले. आणि पाचला सात मिनिटं असताना शेवटचं पान यंत्रात गेलं. पर्यावरण सगळ्यांत शेवटी गेलं. रकाना हिरवा झाला. धम्मानंदच्या हातात पांढऱ्या दोऱ्याचा एवढा मोठा गुंता उरला. तो त्यानं नीट गुंडाळून खिशात ठेवला. फेकला नाही.

जुलैमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी तो सातलाच जाऊन दुसऱ्या बाकावर बसला. नंतर आलेली पोरं दारातच थबकली, एकदोघं "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली. या वेळी धम्मानंदनं "बसा" म्हटलं नाही. अंग चोरून भिंतीकडे सरकला. मग खऱ्या मॅडम आल्या आणि हजेरी सुरू झाली.

"गोंडाणे धम्मानंद."

सव्वीस वर्षं दुकानात नाव पुकारलं गेलं की काय करायचं ते ठरलेलं होतं. "आलो जी!" म्हणत तो उठला आणि मॅडमच्या टेबलापर्यंत चालत गेला. तिथे उभं राहून त्याला कळेना की आता काय काढून दाखवायचं. मॅडमनी हसून त्याला परत बसायला सांगितलं. वर्गही हसला, पण वाईट हसला नाही.

त्यानं वहीच्या पहिल्या पानावर 'तास १' लिहिलं होतं. एकशे वीस क्रेडिटांचे अठराशे तास होतात. जेवढे जमतील तेवढे आता खरोखर बसून काढायचे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. मॅडम बोलत होत्या, तो लिहीत होता, आणि एकदम घंटा वाजली. धम्मानंदनं घड्याळ पाहिलं. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. त्यानं शेजारच्या पोराला विचारलं, तास संपला का? तो म्हणाला, हो काका, तास अठ्ठेचाळीस मिनिटांचाच असतो. आता सरळ ब्रेक, पुढचा तास साडेआठला.

धम्मानंद पुन्हा गोंधळला. गांधीबागेत असं माप दिलं असतं तर गिऱ्हाइकानं थान तोंडावर फेकलं असतं. पोरं भराभर बाहेर चहाला गेली. तो उठला नाही. रिकाम्या वर्गात, फिरत्या पंख्याखाली, मॅडमनी फळ्यावर लिहिलेलं वाचत तो आणखी बारा मिनिटं बसून राहिला.