कुणाकडे जायचंय?

आमच्या इमारतीत आता राहणारा मी एकटाच. बाकी सगळ्या मजल्यांवर ऑफिसं, तळाला कपड्यांचं शोरूम, समोर सिनेमागृह. दुपारी भाजी घेऊन परतलो, तर गेटवर नवा वॉचमन. त्याने वही पुढे केली.

"काका, कुणाकडे जायचंय?"

"मी इथेच राहतो. चौथ्या मजल्यावर."

"इथे कुणी राहत नाही, काका. सगळी ऑफिसं आहेत."

उद्धटपणा नव्हता त्यात. पत्ता चुकलेल्या म्हाताऱ्याशी बोलावं, तसं तो बोलला.

ही होती तोवर अशा वेळी गॅलरीतून ओरडायची, "अहो, आमचेच आहेत ते, सोडा वर!" आणि खालची गर्दी मान वर करून बघायची. मला लाज वाटायची तेव्हा. आता वर बघितलं तर गॅलरीत माझा टॉवेल वाळत होता. तो दाखवून भांडता आलं असतं. पण काही वाटलंच नाही. या भागात रोज एवढी माणसं येतात, कामं करतात, खातात-पितात, सिनेमा बघतात आणि घरी जातात. घरी जायचं म्हणजे इथून निघायचं, असंच सगळ्यांनी धरलेलं. एकट्या माणसाने ते किती खोडत बसायचं?

मी वहीत नाव लिहिलं. 'कुणाला भेटायचे' या रकान्यातही तेच लिहिलं. त्याने न वाचताच वही मिटली.

लिफ्टपाशी पोचलो, तर तो मागून म्हणाला, "काका, काम झालं की जाताना वेळ लिहून जा."

"बरं," म्हटलं.