चेहरा शेवटी जावा

बंगळूरची गाडी सुटायच्या आधी आप्पांनी मला घाईघाईनं स्टुडिओत बसवलं. मंगळवार पेठेत आमचा छोटा फोटो स्टुडिओ. "हनवटी खाली. हलू नगंस," म्हणाले नि बटण दाबलं. एरवी ते भिंगाखाली वाकून, बारीक ब्रशनं जुन्या फोटोंवरचे डाग भरत बसायचे. कॉम्प्युटरनं ते काम संपवत आणलं होतं, आणि मी त्याच कॉम्प्युटरच्या मागं निघालो होतो. स्टँडवर गाडी हलली तरी ते खिडकीतला माझा चेहराच बघत उभे होते.

बंगळूरला व्हिडिओ गेमच्या कंपनीत मला काम मिळालं ते माणसं विरघळवायचं. गेममधला शत्रू मेला की तो तिथंच पडून चालत नाही, अंगाला भोकं पडत पडत नाहीसा व्हावा लागतो. त्यासाठी शेडर, म्हणजे पडद्यावरचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचा आणि त्याला ढगाळ डागांचं एक करडं चित्र द्यायचं. त्यातला काळा भाग आधी जातो, पांढरा शेवटी. आमच्या टीमच्या लीडचा एकच हट्ट, "फेस लास्ट!" चेहरा आधी गेला तर कोण मेलं तेच कळत नाही, म्हणे. म्हणून मी चेहऱ्याच्या जागी पांढरा रंग फासायचो.

दिवाळीला ऑफिसचा लॅपटॉप घेऊन घरी आलो. आप्पांनी चष्मा पुसून खुर्ची पुढं ओढली. शत्रू विरघळायला लागला तसे ते ताडकन उठले. "अरं, बंद कर की! बुरशी लागलीया फोटूला!" आणि रुमालानं स्क्रीन पुसायला लागले. जन्मभर निगेटिव्हवरच्या बुरशीशी झगडलेला माणूस, दुसरं काय करणार? आई नि मी पोट धरून हसलो. मग मी माउसनं पट्टी उलटी सरकवली, माणूस परत अख्खा झाला. "हे बेस हाय," आप्पा म्हणाले, "आमच्या टायमाला न्हवतं."

काही वर्षांनी त्यांचाच फोन आला. "मधनंच जातंय बघ. कडंचं दिसतंय, मधी नुसता धुरळा." डोळ्याच्या पडद्याचा आजार. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्यातले जे गावात राहिलात ते आपापल्या आईबापांना दवाखान्यात घेऊन गेलात, तासन्‌तास बसलात. जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना संध्याकाळचा तो फोन माहीत आहे. मी इथं रोज कुणाला तरी विरघळवत होतो, परत आणत होतो, आणि आप्पांसाठी मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. त्यांच्याकडं तर चेहराच आधी चालला होता.

परवा घरी गेलो. आप्पा दारातच बसले होते. समोर उभा राहिलो तर त्यांनी मान फिरवली आणि माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडं बघायला लागले. मी आईकडं बघितलं.

"रागावलं न्हाईत रं ते," आई म्हणाली. "समोर बघितलं की दिसत न्हाईस त्यास्नी. असं तिरकं बघितलं की गावतोस."

आप्पांनी मान आणखी थोडी वळवली. "हनवटी खाली," म्हणाले. "हलू नगंस."

घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच उरलंय. मी दिसावा म्हणून तिथं एक माणूस माझ्यावरून नजर काढतो, आणि जेवढा सापडेन तेवढा सापडावा म्हणून मी न हलता उभा राहतो.